दोन माणसांपुरता कुकर

मंदाकिनीच्या तेराव्याला तिच्या मोठ्या जाऊबाई, कुमुदवहिनी, पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "आमची मंदा फार सोशिक हो. कुणी काही बोललं तरी मनात म्हणून काही ठेवलं नाही तिनं."

शेजारच्या चार बायकांनी माना हलवल्या. माझ्या हातात खिरीची वाटी होती, ती मी खाली ठेवली. दुःखाच्या घरी भांडू नये एवढी रीत मलाही कळते, म्हणून गप्प बसले. पण तेव्हापासून जीव नुसता तडफडतोय माझा. सोशिक म्हणे! अहो, ही बाई डूख धरायची. एकदा धरला की वर्षानुवर्षं सोडायची नाही, आणि त्याचा तिला कोण अभिमान! गेलेल्या माणसाचं चांगलं बोलावं हे ठीक आहे, पण जो गुण तिच्यात औषधालाही नव्हता तो तिच्या गळ्यात कशाला बांधायचा? तोसुद्धा कुणी, तर या बाईंनी! म्हणून हे लिहायला बसले.

नाशकातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आम्ही शेजारी शेजारी बसायचो. पंचवटीत तिचं घर एका गल्लीत आणि माझं पलीकडच्या, त्यामुळे जाणं-येणंही एकाच रिक्षाने. ती बुटकी, अंगाने भरलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. फोनवर कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी इतकी थांबायची की पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत बसायचा. नवख्याला वाटावं, बाईंना कळायला वेळ लागतो. कळलेलं तिला लगेच असायचं. ती फक्त ते बाहेर काढायची घाई करत नसे.

मी उलट. मला कुणी बोललं की तिथल्या तिथे हिशेब चुकता. मी तणतणायला लागले की ती माझ्या मनगटावर हात ठेवायची आणि म्हणायची, "थांब. शिजू दे अजून. कच्चं वाढू नये गं, वरण काय आणि उट्टं काय."

आमच्या भाजीबाजारात एक मेथीवाला होता. त्याने एकदा तिला आतून पिवळी पडलेली जुडी दिली. दुसऱ्या दिवशी ती परत घेऊन गेली तर म्हणाला, "मावशी, माझ्याकडून हिरवीच गेली व्हती. तुमच्या घरी जाऊन पिवळी पडली आसंल." मी असते तर जुडी त्याच्या तोंडावर मारली असती. मंदाकिनी "बरं" म्हणाली आणि आली. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती आधी त्याच्यापुढे उभी राहायची. एकेक जुडी उचलायची, नाकाला लावायची, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायची, "वा! काय हिरवीगार मेथी आहे!" आणि जुडी ठेवून शेजारच्या बाईकडून घ्यायची. रोज! शेवटी त्या माणसाने हात जोडले. "मावशी, एक जुडी फुकट न्या, पण ह्ये लय झालं आता." मंदाकिनी म्हणाली, "नको रे बाबा. माझ्या घरी जाऊन पिवळी पडते ना."

आमचे एक हेडक्लार्क तिला मुलांसमोर "आमच्या मंदबाई" म्हणायचे. "फॉर्म हवाय? मंदबाईंकडे जा, पुढच्या वर्षी मिळेल." मुलं खिदळायची. हिने कधी मान वर करून पाहिलं नाही. त्यांच्या निरोपसमारंभात मात्र आपण होऊन म्हणाली, मी बोलते दोन शब्द. कडक इस्त्रीची साडी नेसून आली, माइक धरला आणि सुरू केलं, "आज आपण ज्यांना निरोप देतोय, ते आपल्या सर्वांचे लाडके श्री... श्री..." आणि थांबली. छताकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, लावला. मग हेडक्लार्कसाहेबांकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाली, "माफ करा हं, नाव काय आपलं? मी जरा मंद आहे ना." आणि माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. स्वतःच्या निरोपसमारंभात साहेबांना स्वतःचं नाव सांगावं लागलं. त्यानंतर तिने फार सुंदर भाषण केलं, एक शब्द वावगा नाही.

हा 'मंद' शब्द तिला पहिल्यांदा कुठे चिकटला ते तिने मला एकदा रिक्षात सांगितलं. लग्न होऊन ती पहिल्यांदा सासरच्या दारात उभी राहिली. पुढ्यात तांदळाचं माप, अंगणात सगळं वऱ्हाड, आणि दारात कुमुदवहिनी आडवा हात लावून उभ्या. "नाव घे, मग आत ये." हिने उखाणा घोकून घोकून पाठ केलेला. 'गंगेच्या पाण्यात सोडला दिवा' इथपर्यंत आली आणि पुढची ओळ गेली ती गेलीच. पुन्हा पहिली ओळ म्हणाली, पुन्हा अडकली. तेव्हा कुमुदवहिनी वऱ्हाडाकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई! ही मंदा कसली, ही तर मंदच निघाली!"

सगळं अंगण हसलं. हिने मान खाली घालून माप ओलांडलं. त्या दिवसापासून त्या घरात तिचं तेच नाव. मंदला सांगा, मंदने काय केलं बघा, मंदच्या हातची पोळी वातड. वडिलांनी कौतुकाने ठेवलेलं मंदाकिनी हे नाव त्या घरात फक्त लग्नपत्रिकेवर उरलं.

"आणि अनंतराव?" मी विचारलं. अनंतराव म्हणजे तिचे यजमान. थोरल्या भावापुढे आणि वहिनीपुढे मान वर न करणारा गरीब गाय माणूस.

"ते हसले नाहीत," ती म्हणाली. "तेवढं पुरलं मला."

मी तिला म्हणायचे, दोघं कमावताय, मूलबाळ नाही, इंदिरानगरला फ्लॅट बघा आणि सुटा त्या घरातून. तर म्हणायची, "मी का जाऊ? उंबऱ्यात अपमान झालाय माझा. उंबरा सोडून गेले तर फेडू कुठे?"

त्या घराचा एक कायदा होता. सासऱ्यांनी जाताना दोन्ही मुलांचे हात हातात घेऊन सांगितलं होतं, की या घरात दुसरी चूल पेटता कामा नये. कुमुदवहिनींनी तो शब्द देवासारखा जपला, कारण पहिली चूल त्यांच्या ताब्यात होती. गॅसजवळ मंदाकिनीला थारा नाही. तिने भाजी चिरायची, भांडी विसळायची, आणि ऑफिसातून आल्यावर उरलंसुरलं खायचं. स्वतःपुरतं तिने ते चालवून घेतलं. मग अनंतरावांच्या घशाचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन चांगलं झालं, पण आवाज गेला तो पुरता परत आला नाही. बोलले तर खरवडल्यासारखा घोगरा आवाज यायचा, म्हणून ते बोलेनासेच झाले. नोकरी सुटली. डॉक्टरांनी बजावलं होतं की मऊ, गरम आणि बिनतिखटाचं द्या, नाहीतर माणूस खंगेल. मंदाकिनीने जाऊबाईंना सांगितलं, दुपारी ह्यांच्यापुरती एवढी मुगाची खिचडी टाकत जा. कुमुदवहिनी म्हणाल्या, "एका घरात दोन स्वयंपाक होत नसतात. सगळे खातात तेच खायचं."

संध्याकाळी तिने विचारलं की अनंतराव सांगायचे, जेवलो, छान होतं. पण शर्टाची कॉलर दिवसेंदिवस सैल होत चाललेली तिला दिसत होती. एकदा कॉलेज अर्ध्या दिवसात सुटलं आणि मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. दुपारची जेवणं नुकतीच आटोपलेली. अनंतराव त्यांच्या खोलीत खिडकीशी बसले होते. बाजूला काळ्या मसाल्याच्या रश्शाची वाटी जशीच्या तशी. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात भाकरी कुस्करलेली, आणि चमच्याने एकेक घास घशाखाली ढकलत होते. दर घासाला हात गळ्यावर जात होता. आम्हाला बघून दचकले. म्हणाले, "चालतंय गं. मऊ होते पाण्यात."

मी स्वयंपाकघराकडे निघालेच होते. तिने माझं मनगट धरलं. "थांब," म्हणाली, "शिजू दे." पेला घेतला, मोरीत धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला.

पुढचे काही दिवस ती मधल्या सुट्टीत आवाज बंद करून मोबाइलवर काहीतरी बघत बसायची. मग एका संध्याकाळी म्हणाली, "चल मेनरोडला. कुकर घ्यायचाय."

मला वाटलं, प्रेशर कुकर. दुकानात गेल्यावर कळलं की हा वेगळाच प्रकार. विजेवर चालणारा, आत चिनीमातीचं जड भांडं, शिट्टी नाही, वाफ नाही. सकाळी डाळ-तांदूळ-पाणी घालून बटण फिरवायचं आणि कामाला जायचं. दुपारपर्यंत आपोआप मऊ शिजतं आणि गरम राहतं. दुकानदार म्हणाला, "हा स्लो कुकर ताई. एकदम मंद आच."

"मंद," मंदाकिनी म्हणाली. "ह्याच्यासाठीच आलेय."

"घरात माणसं किती?"

साधा प्रश्न. कुकर घ्यायला गेलं की पहिला हाच विचारतात. ती इतका वेळ गप्प राहिली की दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दोन."

त्याने तरी मोठा काढला. म्हणाला, "हा घ्या, पाहुणेरावळे आले तरी पुरतो."

"पाहुणे येत नाहीत. आणि घरचे आले तर पुरू नये, एवढाच पाहिजे. पण एकट्याचाही नको. हे भांडं निदान अर्धं भरावं लागतं, नाहीतर तळाला लागतं."

त्याने हातातला ठेवला आणि लहान काढला, दिव्यांचे आकडे झळकणारा. टायमर आहे, डिस्प्ले आहे, सगळं आहे म्हणाला.

"दुपारी लाइट गेली तर?"

"आल्यावर परत सेट करायला लागतो. मेमरी नाही ह्याच्यात."

"म्हणजे हा विसरतो," मंदाकिनी म्हणाली. "मला विसरणारा नको."

मग त्याने खालच्या फळीवरून एक साधा काढला. पुढे एकच गोल बटण. "हा आपला जुना माणूस. एकदा फिरवला की फिरवला. लाइट गेली, आली, हा तिथूनच पुढे चालू." तिने बटण फिरवून बघितलं, ठक्कन आवाज आला. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी निरोपसमारंभात पाहिलं होतं. झाकण मात्र काचेचं आहे ना, हे तिने दोनदा तपासलं.

"काचेचंच कशाला?" मी विचारलं.

"बाहेरून दिसावं. हाताला लागू नये."

लोक घरातली माणसं मोजून कुकर घेतात. हिने त्यातून शत्रू वजा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कुकर सुरू करायला तिने मला मुद्दाम बोलावलं, साक्षीला असावं म्हणून. खिडकीशी स्टूल, स्टुलावर कुकर. तिने बटणावर बोट ठेवलं, दाराकडे तोंड केलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गंगेच्या पाण्यात सोडला दिवा,
अनंतरावांच्या पानात घास गरम हवा!"

आणि ठक्कन बटण फिरवलं. अनंतराव लाजून खिडकीबाहेर बघायला लागले. इतक्या वर्षांनी दुसरी ओळ आली होती.

कुमुदवहिनी धावत आल्या. "हे काय गं? मामंजींचा शब्द विसरलीस? दुसरी चूल पेटवलीस घरात?"

"पेटवलीय कुठे?" मंदाकिनी म्हणाली. "बघा ना. काडी नाही, ज्वाळा नाही. प्लग लावलाय."

वहिनींनी आपल्या यजमानांना, म्हणजे मंदाकिनीच्या थोरल्या दीरांना, हाक मारली. त्यांना सगळे दादा म्हणत. बायकोच्या विरोधात त्यांनी जन्मात निकाल दिला नव्हता. ते आले, वाकले, कुकरच्या खाली बघितलं, बाजूला बघितलं, काचेतून आत बघितलं. म्हणाले, "पेटलेलं तर काही दिसत नाही." मग जरा थांबून, "आहे काय ह्यात?"

"मटणाचं अळणी सूप," मंदाकिनी म्हणाली. "आलं-लसूण घालून. दुपारी होईल."

दुपारी तो वास खोलीतून निघाला, ओटीवरून फिरला, स्वयंपाकघरात जाऊन बसला. कुमुदवहिनींच्या रश्शाला त्या दिवशी कुणी बरं म्हटलं नाही. पुढे तर रोजचंच झालं. दादा पेपर हातात घेऊन खोलीसमोरून येरझारा घालायचे, "अनंता, बरं आहे ना?" म्हणून काचेवर नजर टाकायचे आणि तसेच परत जायचे. ही ऑफिसात असायची, पण घरी गेल्यावर अनंतराव तिला हातवारे करून सगळं सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात ती मला. खळखळून हसायची. अनंतरावांचे गाल महिन्या-दोन महिन्यांत भरले. त्यांच्यासाठी तिने नवे शर्ट शिवले आणि जुने, आता अंगाला घट्ट होणारे, जाऊबाईंच्या खिडकीसमोरच्या दोरीवर मुद्दाम कितीतरी दिवस वाळत ठेवले.

मग काळ फिरला. कुमुदवहिनींचे दात पडले, कवळी बसेना, हिरड्या सुजायच्या. तोवर स्वयंपाकघर त्यांच्या सुनेकडे गेलेलं. त्या सुनेला म्हणाल्या, माझ्यापुरती एवढी मऊ खिचडी टाकत जा. सून म्हणाली, "सासूबाई, एका घरात दोन स्वयंपाक होत नसतात, तुम्हीच ना सांगायच्या?" हे त्या पोरीला तिचं तिला सुचलं की कुणी सुचवलं, हे मी मंदाकिनीला विचारलं होतं. तिने चष्मा पुसायला घेतला.

एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्या खोलीत भोपळा किसत बसले होते. कुमुदवहिनी वाटी घेऊन दारात आल्या. "मंदे, वाढ गं थोडं. चावत नाही काही."

मंदाकिनी उठली. दारात जाऊन चौकटीला आडवा हात लावला. म्हणाली, "नाव घ्या."

"कुणाचं?"

"माझं."

"मंदा."

"पूर्ण."

वहिनींचा चेहरा असा झाला की काय सांगू! त्यांना सगळं आठवत होतं. त्या रिकामी वाटी घेऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, पुन्हा तशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मंदाकिनी." हिने एक डाव वाढला, झाकण लावलं. त्यानंतर रोज हाच क्रम. ऑफिसच्या दिवशी संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी दुपारी. नाव घेतलं की एक डाव.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पण पुढे पुढे बाई फारच थकली, तेव्हा मी एकदा म्हटलं, "आता पुरे कर गं. म्हातारी झाली ती."

"मी उपाशी ठेवलंय का तिला?" मंदाकिनी एकदम कडाडली. "तिनं ठेवलं होतं! पाण्यात भाकरी कालवून खात होते ते, तू पाहिलंस ना डोळ्यांनी?" मग नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाली, "एक सांगून ठेवते. मी माफ केलं असं कुणी कधी म्हणालं, तर तू तोंड उघडायचं."

या उन्हाळ्यात ती गेली. सगळ्या बाबतीत सावकाश असलेल्या बाईने जाण्यातच काय ती घाई केली. सकाळी कुकरचं बटण फिरवलं, चप्पल घालायला वाकली आणि उठलीच नाही. मला वाटलं, आता अनंतरावांचं काय होणार? पुन्हा पेल्यात भाकरी?

तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी ऑफिसातली तिची पिशवी द्यायला म्हणून मी गेले. दुपारची वेळ होती. कुकर स्टुलावर चालू होता. काचेतून दिसत होती मुगाची खिचडी, अर्ध्यापर्यंत भरलेली. अनंतरावांनी दोन बोटं दाखवली आणि भांड्याकडे बोट केलं. एकट्यापुरतं ह्यात होत नाही, तळाला लागतं, असं त्यांना सांगायचं होतं. मी मान हलवली.

तेवढ्यात कुमुदवहिनी वाटी घेऊन आल्या. मला बघून पदर सावरला. "भावजी, वाढा हो थोडं. आमची मंदा होती तोवर रोज न चुकता द्यायची बिचारी."

अनंतराव उठले. सावकाश दारापर्यंत गेले. आयुष्यात ज्या वहिनीपुढे त्यांनी मान वर केली नव्हती, तिच्यापुढे चौकटीला आडवा हात लावून उभे राहिले. दुसरा हात गळ्यावर गेला. आतून खरवडत आवाज आला, "नाव घ्या."

"अहो भावजी, ती गेली आता..."

"नाव घ्या, वहिनी."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी काही केल्या नजर हलवली नाही. "मंदाकिनी," त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं."

"मंदाकिनी!"

ते ओटीवर, स्वयंपाकघरात, सगळीकडे ऐकू गेलं. अनंतरावांनी एक डाव वाढला. एकच. झाकण लावलं, वहिनी वळून जाईपर्यंत दारात उभे राहिले. मग त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला, ताटली पुसली आणि त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बसा सुमनताई. तुम्हाला नावाशिवायच वाढतो."